वाईनवाल्या घराण्यांचा वारसा आणि आपला हिशेब

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर बरेच दिवस सगळ्या वाहिन्यांवर एकच वाद चालला : वाईन ही दारू आहे की नाही? सत्तेतले म्हणत होते, ही दारू नव्हेच, हा शेतकऱ्याच्या द्राक्षांना भाव देणारा उद्योग आहे. विरोधातले म्हणत होते, महाराष्ट्राचे 'मद्यराष्ट्र' करायला निघालेत. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय काही अंमलात आला नाही आणि वादही विरून गेला. आम्ही अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत काम करणारी माणसे हा सगळा गोंधळ ऐकत होतो आणि आम्हांला एकच गोष्ट खटकत होती. त्या वादात शेतकऱ्याचे नाव होते, संस्कृतीचे होते, महसुलाचे होते. द्राक्षमळ्यात मजुरी करणाऱ्या माणसाचे नाव नव्हते. आणि ज्यांच्या नावाने बाटल्या विकल्या जातात त्या मालकांना, त्या घराण्यांनाही कोणी काही विचारत नव्हते.

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे पिणाऱ्याला बोल लावायची सवय आहे. भीमजयंतीच्या व्याख्यानात, वर्षावासाच्या प्रवचनात, बचतगटाच्या बैठकीत आपण पिणाऱ्याला पाचवे शील सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण दारू बनवून, विकून, पिढ्यान्‌पिढ्या संपत्ती उभी करणाऱ्याचा हिशेब कोण मागणार? म्हणून या लेखात आम्ही दोन घराणी घेतली आहेत. एक आपल्याच राज्यातले, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचे चौगुले. दुसरे अमेरिकेतले, कॅलिफोर्नियाचे गॅलो. कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या मुलखातल्या वाचकाला द्राक्षांशी काय देणेघेणे, असे वाटेल. ज्या कायद्याखाली आपल्या वस्तीतल्या बायांवर गुन्हे नोंदतात त्याच कायद्याखाली वाईनचे परवाने निघतात, एवढे देणेघेणे पुरेसे आहे.

आधी नारायणगाव. जुन्नर तालुक्यातले, पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इथे द्राक्षवाईनचा उद्योग सुरू केला. तेव्हा भारतात चांगली वाईन बनू शकते यावर कोणाचा विश्वास नव्हता. त्यांनी फ्रान्समधून तंत्रज्ञान आणले, तिथल्या जाणकारांची मदत घेतली आणि शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसणारी वाईन तयार केली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात गेली. शातो इंडाज हे नाव पंचतारांकित हॉटेलांच्या यादीत झळकू लागले. न्यायाने बोलायचे तर हे काम सोपे नव्हते. खाण्याच्या द्राक्षांचा भाव दर हंगामात वर-खाली होतो. अशा वेळी आधीच ठरलेल्या दराने माल घेणारा कारखाना शेतकऱ्याला हवाच असतो. आसपासच्या पोरांना कारखान्यात कामे मिळाली. पुढे नाशकात जो वाईनउद्योग फोफावला, त्याची पहिली वाट बरीचशी नारायणगावातून गेली आहे. नाशिकच्या गंगापूरला राजीव सामंत यांची सुला वायनरी १९९९-२००० च्या सुमारास उभी राहिली, तोवर नारायणगावच्या बाटलीला दीड दशक होत आले होते.

मग उतरण लागली. २००० नंतरच्या दशकात पुढच्या पिढीच्या हाती कारभार आला आणि कंपनीने कर्ज काढून मोठी झेप घेतली. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या कंपन्या विकत घेतल्या. २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, वाईनचा खप बसला. बँकांची कर्जे थकली, पुरवठादारांची देणी थकली, पगार थकले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि कंपनी अवसायनात निघाली. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यात अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या, कारण ही जात खायला चालत नाही. कारखान्याने घेतली नाही तर ती बाजारात विकता येत नाही.

कंपनी अवसायनात निघाली की देणेकऱ्यांची यादी बनते. बँका असतात, पुरवठादार असतात, हजेरीपटावरचे कामगार असतात. कंपनी कायद्याने या कामगारांच्या देण्याला तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे, आणि ती तरतूद चांगली आहे. पण मळ्यात छाटणी करणारी टोळी या यादीत कुठे असते? एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग, शेवटी तोडणी. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून उतरलेल्या आदिवासी टोळ्या ही कामे नाशकात करतात. टोळीचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा शेतकऱ्याशी आणि शेतकऱ्याचा कारखान्याशी. कारखाना बुडाला तर शेतकऱ्याकडे निदान पावती असते. टोळीतल्या बाईकडे काय असते? तिचे बुडालेले पैसे कोणत्याही न्यायालयाच्या कागदावर येत नाहीत. म्हणून वाईनउद्योगाच्या 'यशाची' आणि 'अपयशाची' जी कहाणी सांगितली जाते तिच्यात ती बाई नसते. यश आले तेव्हाही नव्हती.

जाता जाता एक गोष्ट. याच नारायणगावचे नाव आणखी एका घराण्याने देशभर नेले. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा तमाशा आणि त्यातल्या विठाबाई. मांग समाजातली ही कलावंत, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेलेली, २००२ मध्ये हलाखीत गेली. आता तिच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. गावाचा वारसा म्हणून कोणाचे घर दाखवायचे, हे कोण ठरवते? पर्यटकांच्या गाड्या वाईनच्या मळ्याकडे वळत होत्या.

आता कायद्याकडे येऊ. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाईन पार्क निघाले. महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्क माफ झाले. ही माफी दोन दशके चालली आणि २०२२ पासून लिटरमागे १० रुपये असे नाममात्र शुल्क आले. परवान्याच्या अटी सैल केल्या, विक्रीकरातही सवलती मिळाल्या. आणि हे सगळे ज्या कायद्याच्या छत्राखाली चालते त्याचे नाव काय? महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. नावात बंदी आहे आणि त्याच्या आधारे चालणाऱ्या खात्याचे नाव राज्य उत्पादन शुल्क.

याच कायद्याचे कलम ६५ आमच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. ६५ (ई), ६५ (फ). सकाळच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते : अमुक शिवारात धाड, इतका सडवा मोह नष्ट, इतके लिटर हातभट्टी जप्त, महिलेवर गुन्हा. ही महिला बहुतेक वेळा पारधी असते, भिल्ल असते, कधी आपल्याच वस्तीतली विधवा असते. तिला परवाना मागायला कोणी सांगत नाही, कारण तिच्या मापाचा परवाना अस्तित्वातच नाही. आम्ही हातभट्टीची बाजू घेत नाही. हातभट्टीने आमच्या डोळ्यांदेखत घरे बसली आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती सगळी हातावर पोट असलेली होती. आमचे म्हणणे एवढेच की, फळ आंबवून मद्य करणे ही क्रिया एकाच्या हातात गेली की तिला उद्योग म्हणतात, सवलत देतात, पार्क बांधून देतात, आणि दुसऱ्याच्या हातात ती दखलपात्र गुन्हा असते. हा फरक मद्याच्या गुणात नाही, करणाऱ्याच्या जातीत आणि भांडवलात आहे.

मेळघाटच्या मोहाचेच बघा. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकूंच्या घरात मोह हे अन्न आहे, जनावरांचा खुराक आहे आणि देवाच्या कार्यातले पेयही आहे. इंग्रजांना आबकारीचा महसूल हवा होता, म्हणून त्यांनी घरच्या भट्ट्या बंद केल्या. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला, १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठीच वेगळा 'म्होवरा' कायदा केला. गोळा केलेले फूल घरात ठेवणे हाच गुन्हा ठरू लागला. दारू गाळण्याचा मक्ता मोठ्या मक्तेदारांकडे गेला. उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्या त्यातूनच भरभराटीला आल्या. मक्तेदाराची नोंद इतिहासात उद्योजक म्हणून राहिली, पिढ्यान्‌पिढ्या मोह गाळणारा आदिवासी चोर ठरला. आणि आता गंमत बघा. २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने काजूबोंड आणि मोहफुलांपासून परवानाधारक कारखान्यात बनणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचे ठरवले. सातपुड्याच्या जंगलातले मोहाचे फूल कारखान्यात गेले की विदेशी होते! उद्या त्या बाटलीवर कोणत्या कोरकू घराचे नाव असेल, असे कोणाला वाटते का?

आता दुसरे घराणे. गॅलोंची कहाणी आम्ही विस्ताराने सांगणार आहोत, कारण तिच्यात असे काही आहे जे आपल्याकडे अजून घडलेले नाही.

अर्नेस्ट आणि ज्युलिओ गॅलो हे इटलीतून आलेल्या गरीब स्थलांतरितांचे मुलगे. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती. १९३३ मध्ये ती उठली आणि त्याच वर्षी या दोघा भावांनी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी वाईनरी काढली. भांडवल ५,९०० डॉलर, त्यातले ५,००० अर्नेस्टच्या सासूकडून उसने घेतलेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या बापाने आईला गोळी घालून स्वतःलाही संपवले होते. अशा घरातून उठून या भावांनी जगातली सर्वांत मोठी वाईन कंपनी उभारली. ती आजही कुटुंबाच्याच मालकीची आहे. सामान्य अमेरिकन माणसाच्या जेवणाच्या टेबलावर स्वस्त वाईन पोहोचवण्याचे श्रेय त्यांना देतात, द्राक्ष उत्पादकांना त्यांनी दीर्घ मुदतीचे करार दिले, मोडेस्टोत त्यांच्या नावाचे कलाकेंद्र आहे.

दुसरी बाजू १९५७ ची. त्या वर्षी गॅलोंनी 'थंडरबर्ड' नावाची वाईन बाजारात आणली. जास्तीचे अल्कोहोल मिसळलेली, सुमारे २० टक्के तेजीची, गोड आणि अतिशय स्वस्त. ती खपली कुठे? शहरांतल्या पडक्या वस्त्यांत, बेघरांच्या फुटपाथवर, काळ्या लोकांच्या मोहल्ल्यांत. पुढे 'नाईट ट्रेन' नावाची तिची बहीण आली. या बाटल्यांच्या लेबलावर गॅलो हे नाव नव्हते. नफा घरात येत होता, नाव बाटलीवर येऊ दिले नव्हते. याच कुटुंबाने १९८६ मध्ये आपल्या धाकट्या सख्ख्या भावावर, जोसेफ गॅलोवर, दावा लावला. त्याचा गुन्हा हा की त्याने स्वतःच्या चीजवर स्वतःचेच नाव छापले. थोरले भाऊ तो दावा जिंकले. नावाची एवढी राखण करणाऱ्यांना थंडरबर्डवर नाव का नको होते, हे वाचकाला वेगळे सांगायला नको. टीका वाढल्यावर १९८० च्या दशकाअखेर काही शहरांतल्या अशा वस्त्यांतून हा माल मागे घेण्याची पावले कंपनीने उचलली. आणि १९८० मध्ये याच अर्नेस्ट गॅलोंच्या नावाने सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात एक संशोधन केंद्र सुरू झाले होते, मेंदूवर दारूचा काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारे. त्या केंद्राने विज्ञानात खरे काम केले आहे, हे नाकारायचे कारण नाही. वारसा 'संमिश्र' असतो म्हणजे असा.

पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब मळ्यातली आहे. अमेरिकेत १९३५ साली कामगारांना संघटनेचा हक्क देणारा मोठा कायदा झाला आणि त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेत ही दोन्ही कामे मुख्यतः काळे लोक करत होते, कॅलिफोर्नियात शेतात मेक्सिकन आणि फिलिपिनो होते. कायद्याच्या व्याख्येतूनच माणूस गाळायचा, ही युक्ती आपल्याला नवी नाही. तीस वर्षांनी, ८ सप्टेंबर १९६५ रोजी, डेलानो इथे फिलिपिनो द्राक्षतोड कामगारांनी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली संप केला. आठवड्याभरात सीझर चावेझ यांची मेक्सिकन शेतमजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. मालक एका जमातीचा संप दुसऱ्या जमातीचे मजूर आणून मोडत आले होते. ती फट इथे बुजली.

गॅलोंनी १९६७ मध्ये या संघटनेशी करार केला. १९७३ मध्ये तो संपल्यावर कंपनीने दुसऱ्याच, ट्रकचालकांच्या, मोठ्या युनियनशी करार केला. मजूर आपणहून तिकडे गेले, असे कंपनीचे म्हणणे होते, पण ते तपासायला गुप्त मतदानाची सोय कायद्यातच नव्हती. संप झाला. चावेझ यांनी देशभर आवाहन केले : गॅलोची वाईन घेऊ नका. फेब्रुवारी १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मोडेस्टोपर्यंत ११० मैलांचा लाँग मार्च निघाला. म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर, अमरावतीहून नागपूरला पायी जाण्यापेक्षाही जास्त. निघताना काही शे लोक होते. १ मार्चला मोडेस्टोत पोहोचले तेव्हा पंधरा हजारांच्या वर होते. आणि जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने शेतमजुरांना संघटनेचा आणि गुप्त मतदानाचा हक्क देणारा कायदा केला. त्याच वर्षी तिथे आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली. त्या कुदळीने दिवसभर कमरेत वाकून काम करावे लागे आणि तिशी-चाळिशीतच पाठ जाई. आपल्याकडे निंदणाला जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, तिला हे समजावून सांगावे लागणार नाही.

चावेझ यांच्या चळवळीलाही डाग आहेत. १९७४ मध्ये त्यांच्या संघटनेने कागदपत्रे नसलेल्या मेक्सिकन मजुरांना संपफोडे म्हणून लक्ष्य केले, त्यांना पकडून देण्याची मोहीम चालवली. ते अत्यंत वाईट होते. कायदा झाल्यानेही सगळे मार्गी लागले नाही. १९९४ मध्ये गॅलोंच्या सोनोमातल्या मळ्यांतील मजुरांनी संघटनेच्या बाजूने मत दिले, पण करार व्हायला २००० साल उजाडले. तरीही फरक पाहा. गॅलो घराण्याच्या इतिहासात मजुरांचे एक प्रकरण आहे, ते वगळून कोणाला त्या घराण्याचे चरित्र लिहिता येत नाही. मालकाच्या उदारपणाने ते प्रकरण लिहिले गेलेले नाही. नारायणगाव आणि नाशिकच्या वाईनचा इतिहास लिहिताना असे प्रकरण कोणते? आम्हांला तरी दिसत नाही. चर्चा झाली ती करमाफीची, पार्कची, परवान्याची, पर्यटनाची. डिसेंबर २०२२ मध्ये सुलाचे समभाग शेअर बाजारात आले तेव्हा वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने भरली. गोडी छाटणीला टोळीचा दर काय चालू आहे, हे त्यात कुठे नव्हते.

आपल्याकडे परंपराच नाही असेही नाही. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये एक देवी प्रकटली, असे लोक सांगू लागले आणि ती लाट दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात पसरली. देवीची आज्ञा होती : दारू पिऊ नका, स्वच्छ राहा. पण एवढेच नव्हते. दारूच्या दुकानदारावर, जो बहुधा पारशी होता आणि दारूच्या उधारीतून जमीनदारही झाला होता, बहिष्कार घाला, त्याच्या शेतात कामाला जाऊ नका. आदिवासींनी दोन्ही केले. अंधश्रद्धेच्या भाषेत बोलणाऱ्या त्या चळवळीला जे कळले होते ते आमच्या सुशिक्षित व्यसनमुक्ती शिबिरांना अजून कळलेले नाही. प्यायचे सोडणे आणि विकणाऱ्याला जाब विचारणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

वऱ्हाडाला तर गाडगेबाबांचा वारसा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या परीट घरात जन्मलेला हा मुलगा. बाप झिंगराजी दारूपायी गेला, शेतीवाडी गेली, आई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या शेतावर सावकाराची नजर होतीच. दारू आणि सावकार हे दोघे हात धरून गरिबाच्या घरात शिरतात, हे बाबांना कोणत्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. मुलीच्या बारशाला त्यांनी जातीची रीत मोडून दारू आणि मटण वाढायला नकार दिला. आज बाबांचे फोटो सगळ्या पक्षांच्या कार्यालयांत आहेत. दारूच्या परवान्यांचे नूतनीकरणही त्याच पक्षांच्या राज्यांत होत आले आहे.

बाबासाहेबांची भूमिका काय होती, हा प्रश्न तरुण कार्यकर्ते आम्हांला नेहमी विचारतात आणि इथे थोडे थांबावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे सर्वांना माहीत आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात मात्र सरकारी दारूबंदी रद्द करावी आणि तो महसूल विकासाकडे वळवावा, अशी मागणी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. पाच वर्षांत बाबासाहेब बदलले का? आमचे वाचन वेगळे आहे. दारूबंदीमुळे पोलिसांच्या हाती गरिबाला छळण्याचे आणखी एक हत्यार येते आणि सरकारी तिजोरीतला पैसा चोरट्या धंद्याच्या खिशात जातो. म्हणून राज्यकर्त्याला त्यांनी महसुलाचा हिशेब विचारला. आपल्या माणसाला मात्र त्यांनी प्रतिज्ञा दिली, कारण ती पोलिसाच्या काठीने पाळायची नसते. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. या जिल्ह्यांतला कोणताही कार्यकर्ता सांगेल की बंदीने काही घरे वाचली आणि काही माणसे गबर झाली. बंदीसाठी झटलेल्या तिथल्या बायांचा आम्ही अनादर करत नाही. आडव्या बाटलीला मत देणारी बाई आमच्या दृष्टीने मोठी कार्यकर्ती आहे. पण मतपेटीत बाटली आडवी झाली तरी दुकान दुसऱ्या गावी जाते, मालक तोच राहतो.

आणि धम्मात विकणाऱ्यासाठीही नियम आहे, तो आपण सोयीने विसरलो आहोत. अंगुत्तर निकायात तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच. पाचवे शील पिणाऱ्यासाठी आहे आणि हा उपदेश गल्ल्यावर बसणाऱ्यासाठी. आपल्या विहारांमध्ये पहिल्यावर शेकडो प्रवचने होतात, दुसऱ्यावर एकही ऐकल्याचे आम्हांला आठवत नाही.

याचे कारण उघड आहे आणि ते आपल्या घरातले आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या समाजातलेही काही जण बिअर बारचे, देशी दुकानाचे मालक झाले आहेत. आपल्यातला माणूस धंद्यात पुढे गेला याचा आनंद आम्हांलाही होतो. नोकऱ्या संपत चाललेल्या काळात कोणी कोणता धंदा करावा हे सांगणे सोपे नाही, हेही आम्ही जाणतो. पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या फलकावर 'सौजन्य' म्हणून त्याच्या बारचे नाव येते तेव्हा गॅलोंच्या कलाकेंद्रात आणि आमच्या मंडपात फरक काय उरला? निदान गॅलोंना मोडेस्टोत पंधरा हजार माणसांनी प्रश्न तरी विचारला होता.

मजुरांच्या बाजूने करण्यासारखे ठोस काम आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. ज्याला कायमचा मालक नाही अशा हमालासाठी मंडळ नेमले, त्याची नोंद, त्याची मजुरी, त्याचा भविष्यनिर्वाह निधी मंडळातून. ज्या उद्योगाने दोन दशके शुल्कमाफी घेतली त्याच्या मळ्यातल्या टोळ्यांसाठी असे मंडळ का नको? सवलत हवी तर टोळीची नोंद दाखवा, ही अट सरकारला एका आदेशाने घालता येते. वऱ्हाडातही उद्या संत्र्यावर प्रक्रिया करणारे कारखाने येतील, वरूड-मोर्शीत त्याची मागणी जुनीच आहे. मेळघाटात मोहाच्या मद्याचे परवाने निघतील. ते येण्याआधी संत्रातोडीच्या टोळ्यांची आणि मोह वेचणाऱ्या कोरकू बायांची नोंद करायला आपल्या संघटनांना कोणी अडवलेले नाही.

यंदाच्या जयंतीआधी अमरावतीतल्या काही मंडळांच्या बैठकीत आम्ही वर्गणीचा प्रश्न मांडला : दारूच्या परवानाधारकाकडून पैसे घ्यायचे की नाही. दोन मंडळांनी न घेण्याचे ठरवले. एका मंडळाने पैसे घ्यायचे पण फलकावर नाव टाकायचे नाही असा तोडगा काढला, त्यावर आमचे तिथेच भांडण झाले, कारण थंडरबर्डच्या बाटलीची रीत तीच होती. बाकीच्यांनी विषय पुढच्या वर्षीवर ढकलला आहे. अकोल्यात ही चर्चा अजून व्हायची आहे.